मला आठवत होतं, ताई

ताई, बार रूममधल्या तुमच्या शोकसभेत मी फार छान बोलले. हे मी नाही, लोक म्हणाले. तीस वर्षं तुमच्या समोरच्या बाजूने उभं राहून तुमचं डोकं खाणारे काका वकीलसुद्धा रुमालात तोंड घालून बसले होते. मी सांगितलं, आमच्या ऑफिसात सकाळचा चहा यायच्या आधी प्रत्येकाने आदल्या दिवशीची आपली चूक सांगायची, अशी ताईंची पद्धत होती. सुरुवात ताई स्वतःपासून करायच्या. ज्याने सांगितली त्याला कुणी बोल लावायचा नाही, सगळ्यांनी मिळून ती निस्तरायची. ‘अशा ऑफिसात मी वकील झाले,’ असं म्हणून मी थांबले. कुठे थांबायचं हे मला चांगलं कळतं. तुम्हीच शिकवलंत.

तेव्हा दारात हिरामावशी उभी होती. ती रडत नव्हती. पदर दोन्ही हातांनी धरून ती फक्त माझ्याकडे बघत होती. मी चहाआधीच्या चुकांबद्दल बोलत होते तेव्हाही तिची नजर हलली नाही, आणि तिच्या देखत मी ते भाषण शेवटपर्यंत नेलं. खाली बसून पुन्हा दाराकडे पाहिलं तोवर ती निघून गेली होती.

नंतर सेक्रेटरी म्हणाले, हेच लिहून द्या, बारच्या वार्षिक अंकात छापू. लिहायला बसले, तर पहिल्या ओळीपुढे हात जाईना. भाषणातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण ते बोलायचं तोंड मला नव्हतं. म्हणून हे दुसरं लिहिते आहे. तुम्हालाच लिहिते आहे, कारण हे तुम्हाला सांगायचं होतं आणि तुम्ही समोर होता तेव्हा मी मूग गिळून बसले.

चौदा वर्षांपूर्वी मी तुमच्या अलिबागच्या ऑफिसात आले तेव्हा माझ्या हातात मार्कांचा कागद होता आणि तोंडात पाठ केलेली चार वाक्यं. तुम्ही कागद बघितलाही नाहीत. ‘वडील काय करतात?’ विचारलंत. मी म्हटलं, आता ट्रक चालवतात, आधी मिठागरात होते. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि विचारलंत, ‘उधाणाचं पाणी आत कधी घेतात? मीठ धरलं हे कसं कळतं?’ मी पुस्तकी भाषेत सांगायला लागले. तुम्ही हात वर केलात. ‘असं नको. वडील सांगतात तसं सांग.’ मग मी आमच्या घरच्या बोलीत सांगितलं, अर्धा तास. तुम्ही मधेमधे प्रश्न विचारत होता आणि मी विसरूनच गेले की मी नोकरी मागायला आले आहे. शेवटी तुम्ही म्हणालात, ‘उद्यापासून ये. आपले निम्मे अशील असं बोलतात आणि मला निम्मंच कळतं.’

म्हणजे मला तुम्ही घेतलंत ते माझ्या बोलीसाठी. हे ध्यानात ठेवा, ताई, पुढे लागणार आहे. तुम्हाला अर्थात मी हे सांगायला नको.

लोक विचारतात, इतकी वर्षं एकाच ऑफिसात कशी काढलीस, मुंबईला का नाही गेलीस. त्यांना काय सांगू? माझी पहिली उलटतपासणी पार फसली, साक्षीदारानेच मला गप्प केलं, तेव्हा तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, ‘चला, आज रंजनाचं बारसं झालं,’ आणि सगळ्यांना भजी खिलवलीत. मुलगी झाली तेव्हा सहा महिने माझी खुर्ची कुणाला वापरू दिली नाहीत. कौस्तुभ मुंबईच्या कॉलेजातून आलेला, इंग्रजी फाडफाड बोलणारा. त्याच्याच टेबलाला माझं टेबल लावलंत आणि त्याला सांगितलंत की हिच्याकडून अशिलाशी बोलायला शीक, आणि मला सांगितलंत की याच्याकडून हायकोर्टाचे निकाल वाचायला शीक. आम्ही दोघांनी महिनाभर एकमेकांशी तोंड फुगवून काम केलं. नंतर मैत्री झाली ती झालीच. चुकायची भीती वाटू नये असं ऑफिस मला मिळालं होतं, आणि तरीही मी घाबरले. म्हणून तर लाज जास्त आहे.

तुमची दुसरी पद्धत उलट सांगायची. कागद कुठलाही असो, मृत्युपत्र, करार, साधा अर्ज, तो अशिलाला वाचून दाखवायचा, त्याच्या बोलीत समजावायचा, आणि मग म्हणायचं, ‘आता तुम्ही मला उलट सांगा, यात काय लिहिलंय.’ त्याने आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. तुम्ही म्हणायचात, ‘इथे माणूस व्हय म्हणतो ते कबूल म्हणून नव्हे. बोल, ऐकतोय, एवढाच त्याचा अर्थ.’ हे बाहेरून आलेल्या तुम्हाला कळलं होतं. मी तर त्या ‘व्हय’मध्येच वाढले. माझी आई फोनवर मावशीचं गाऱ्हाणं ऐकताना दर वाक्याला ‘व्हय’ म्हणते आणि फोन ठेवल्यावर म्हणते, हिचा एक शब्द मना पटला न्हाय. तुमच्या या उलट सांगण्याची आम्ही टिंगल पण करायचो. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा तुम्ही म्हणाला होतात, ‘आता मला उलट सांगा, काय करणार आहात?’ तो पिशवी उचलून निघालाच होता.

हरिहरेश्वरजवळच्या त्या म्हाताऱ्यांची आठवण येते. ते अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांच्या मृत्युपत्रासाठी आपण निघालो. आगरदांड्याहून गाडी फेरीबोटीत चढवली, दिघीला उतरलो, पुढे तो वळणावळणांचा रस्ता. मला गाडी लागली होती आणि तुम्ही लिमलेटच्या गोळ्या पुढे करत होता. तुम्ही मृत्युपत्र वाचलंत, म्हातारे ‘व्हय, व्हय’ करत होते, मुलगे खूश होते. मग तुम्ही म्हणालात, ‘आता उलट सांगा, आबा.’ आबांनी सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाले, ‘आन बाव तिघांची.’ विहीर तिघांची. कागदात विहीर थोरल्याला गेली होती, कारण सांगायला थोरलाच आला होता. तुम्ही तिथल्या तिथे कागद फाडलात. येताना बोटीवर मी कुरकुर केली, ‘एका विहिरीसाठी परत एवढ्या लांब?’ तुम्ही म्हणालात, ‘तुला तहान लागली की कळेल.’ आणि मलाच पाण्याची बाटली दिलीत. पुढच्या आठवड्यात परत गेलो. मला पुन्हा गाडी लागली.

तर हे सगळं पाहिलेली, शिकलेली, आणि वर त्याच बोलीत जन्मलेली मी.

हिरामावशी आली त्याला पाच वर्षं झाली. ती आमच्या बाजूचीच, खाडीकाठच्या गावात दिलेली. माहेर किहीमच्या मागे. बाप गेला तेव्हा तिचा भाऊ तिला घेऊन ऑफिसात आला. भावाने तुम्हाला सांगितलं, बहीण आपल्या खुशीने बापाच्या जमिनीतला वाटा मला सोडून देते आहे, हक्कसोडपत्र करायचंय. मसुदा तुम्ही केलात. दुसऱ्या दिवशी दुपारी रजिस्ट्रारकडे वेळ घेतलेली होती. त्या सकाळी कोर्टात तुमच्या एका खटल्यात साक्षीदाराची साक्ष चालू होती, म्हणून जाताना मला म्हणालात, ‘हिराबाईंना तू वाचून दाखव. तुझ्या बाजूच्याच आहेत. उलट सांगायला लाव.’

ऑफिसात तेव्हा मुंबईचं एक जोडपं येऊन बसलं होतं. किहीमला बंगल्यासाठी जागा बघत होते, कौस्तुभ त्यांच्याशी बोलत होता. बाई फार सुंदर मराठी बोलत होत्या, आणि मला म्हणाल्या होत्या, ‘तुम्ही इथल्या वाटतच नाही.’ मला ते ऐकून बरं वाटलं होतं. हे लिहिताना कानशिलं तापताहेत, पण वाटलं होतं. त्यानंतर दोनच मिनिटांनी हिरामावशी माझ्यासमोर बसली. कॉलेजात मी ‘पानी’ म्हटलं की मागचा बाक हसायचा, ते सगळं डोक्यात आलं आणि मी कागद जसा होता तसा वाचला. शुद्ध, सरळ, भरभर. ‘लिहून देणार यांनी आपला संपूर्ण हक्क, हितसंबंध स्वखुशीने कायमचा सोडून दिला असून’ वगैरे. मावशी ‘व्हय’ म्हणत होती. मी थांबले की व्हय. पुन्हा थांबले की व्हय.

वाचून संपलं तेव्हा तिने पुढे वाकून मला विचारलं, ‘मंजे बापाच्या खाली माजा नाव लागल ना गो?’

ताई, तिला वाटत होतं की हा वारसनोंदीचा कागद आहे. बाप गेला, आता सातबाऱ्यावर भावाचं आणि तिचं नाव लागणार. मला ते त्याच क्षणी कळलं. तुम्ही म्हणाल, कदाचित नीट ऐकू आलं नसेल. नाही. स्वच्छ ऐकू आलं. मी तोंड उघडलं आणि त्या मुंबईच्या बाईंकडे माझं लक्ष गेलं. ‘गो’ ऐकून त्या हसल्या होत्या, वाईट मनाने नाही, कौतुकाने. तेवढ्यात भाऊ म्हणाला, ‘व्हय गं बाय, सगला व्हतंय. तू आंगठा दे.’ आणि मी शाईचा पॅड पुढे सरकवला. तिला समजावायचं तर आमच्या बोलीत बोलावं लागलं असतं, दहा मिनिटं, मोठ्याने, कारण तिला जरा कमी ऐकू येतं. तेवढं मी केलं नाही.

तुम्ही कोर्टातून आलात, कागदावर सही करण्याआधी विचारलंत, ‘उलट सांगितलं त्यांनी?’ मी म्हटलं, ‘हो ताई.’ तुम्ही सही केलीत. रजिस्ट्रारने विचारलं, कबूल आहे का, आणि मावशी म्हणाली, व्हय.

दोन वर्षांनी ती परत आली, एकटी. भावाने निम्मी जमीन बंगलेवाल्यांना विकली होती, कुणीतरी सातबारा काढून तिला दाखवला होता, आणि त्यावर ती कुठेच नव्हती. ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे गेली. आतून तिचा आवाज येत होता. ‘बाय, मना पैसा नको. बापाचा नाव हाय, त्याच्या खाली माजा पायजे. मी त्याची पोर न्हाय काय?’ मी टेबलावरच्या फायलीची दोरी सोडत आणि बांधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सुरुवात केलीत. ‘माझी चूक आधी सांगते. हिराबाईंच्या कागदावर मी सही केली आणि त्यांना तो समजला नव्हता.’ मग माझ्याकडे बघून विचारलंत, ‘रंजना, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?’ तुमच्या आवाजात राग नव्हता. कागद वाचला त्या दिवशी कौस्तुभही खोलीत होता, पण त्याला आमची बोली तेव्हा कुठे कळत होती. त्याच आठवड्यात ऑफिसची नवी पाटी रंगायला गेली होती, तिच्यावर तुमच्या नावाखाली आमची दोघांची नावं येणार होती. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, ‘ताई, इतकी माणसं येतात. मला आठवत नाही.’

तुम्ही कप माझ्यापुढे सरकवलात. मग म्हणालात, ‘बरं. चहा घे.’

त्यानंतर तुम्ही मला कधीही विचारलं नाहीत. एकदा जरी रागावला असतात, दार आपटलं असतंत, तरी मी पायांवर लोळण घेतली असती असं मला वाटायचं. पण ते खोटं आहे. तुम्ही रागावला असता तर मी उलट भांडले असते. मी स्वतःला आता चांगली ओळखते.

मावशीला तुम्ही दुसऱ्या वकिलांकडे पाठवलंत, कारण कागद आपणच केलेला. दावा दाखल झाला. आणि तुम्ही जाहीर केलंत, ‘तिच्या बाजूने मी साक्ष देणार, माझ्या ऑफिसात तिला कागद समजावला गेला नाही म्हणून.’ आपण दोघी खरं भांडलो ते तेव्हा. मी म्हटलं, तीस वर्षं ज्या कोर्टात मान मिळवलीत तिथे पिंजऱ्यात उभं राहणार? ऑफिसचं नाव जाईल. तुम्ही म्हणालात, ‘कुठलं नाव? पाटीवरचं? ते तर रॉकेल लावून पुसता येतं.’ मी म्हटलं, पण तुम्ही तर त्या वेळी खोलीत नव्हता, तुमच्या साक्षीला किंमत किती? तुम्ही लगेच म्हणालात, ‘तेच ना. मी खोलीत नव्हते.’ आणि पुढचं वाक्य बोलला नाहीत. ते मी बोलायचं होतं. मी फाइल उचलून कोर्टात गेले, तारीख नसताना. कँटीनमध्ये बसून परत आले.

मधल्या काळात मी तुमच्या पद्धतीप्रमाणे रोज सकाळी चूक सांगत होते. पान क्रमांक चुकला. स्टॅम्प लावायचा राहिला. पक्षकाराच्या वडिलांचं नाव चुकीचं पडलं. तुम्ही ऐकून घ्यायचात, म्हणायचात, ठीक. तुम्हाला काय वाटत असेल ऐकताना?

तुम्ही आजारी पडलात, आणि दवाखान्यात मी शेवटची भेटायला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘हिराबाईंच्या दाव्यात माझी तारीख कधी आहे?’ मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. ‘तोवर मी असेन असं दिसत नाही. मग कोण बोलणार गं?’ आणि मी काय म्हणाले? ‘ताई, असं बोलू नका.’ नर्सनेसुद्धा माझ्याकडे मायेने पाहिलं. किती सोयीचं वाक्य आहे ते. आजाऱ्यावर जीव आहे असंही दिसतं आणि उत्तरही द्यावं लागत नाही. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, ‘बरं, नाही बोलत.’ मी तुमचे पाय चेपले, बराच वेळ. तेवढंच करता येत होतं असं मी स्वतःला सांगितलं.

चार दिवसांनी तुम्ही गेलात.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि कौस्तुभ ऑफिसात बसलो. तुमची खुर्ची तशीच होती. आज सुरुवात कुणी करायची हे दोघांनाही कळेना. मग मी केली. सगळं सांगितलं, त्या मुंबईच्या बाईंच्या हसण्यासकट. कौस्तुभ मान खाली घालून ऐकत होता. मी थांबले तेव्हा म्हणाला, ‘आणि ताई तीन वर्षं तुझे पान क्रमांक ऐकत बसल्या?’ तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता हा भागीदारी मोडणार. दहा मिनिटांनी परत आला, डोळे लाल, आणि म्हणाला, ‘तुझ्याविरुद्ध तक्रार होऊ शकते. सनदेपर्यंत जाऊ शकतं. ऑफिसलाही त्रास होईल. तो आपण दोघं बघू. आधी तिच्या वकिलांना फोन कर.’ तुम्ही ज्याला माझ्याकडून अशिलाशी बोलायला शिकायला सांगितलं होतंत, तो माणूस असा तयार झाला आहे. तो तुमच्या नावाला शोभतो.

वकील म्हणाले, ताईंच्या जागी तुम्हाला साक्षीला घेता येईल, अर्ज करतो; पण दावा हिराबाईंचा आहे, आधी त्यांना विचारा. म्हणून मी रविवारी तिच्या घरी गेले.

ती पडवीत जवळा निवडत बसली होती. मला बघून उठली नाही.

‘आयलीस? बस.’

मी बसले आणि सांगायला लागले, आमच्या बोलीत. त्या दिवशी तू इचारलास ता मना ऐकू आयला व्हता, मावशी. मना समाजला पन व्हता. मी मुद्दाम गप रायली. एवढं बोलून मला रडू फुटलं. ती जवळा निवडतच राहिली.

‘रडू नको. मना ठाव हाय. तू माज्या समोर बसून कागद वाचलास, तुला वलखायला मना चष्मा लागतं काय?’

‘मंग कोरटात माजा नाव का न्हाय सांगलास?’

‘वकिलानी इचारला, कोनी वाचला. मी बोलली, हापिसातल्या बाईनी. तो बोलला, नाव सांग. मी बोलली, नाव ठाव न्हाय.’

‘माज्यासाठी?’

तिने पहिल्यांदा हात थांबवला. ‘तुज्यासाठी कशाला? तू माजी कोन लागतंस? तुजी ताय आलती हितं. तू बसलीस तितंच बसली व्हती. मना बोलली, हिराबाय, पोरीचा नाव तू घेव नको. तिचा तिला सांगू दे. ती सांगल.’

ती पुढे म्हणाली, ‘मी इचारला, आन न्हाय सांगला त? माजा वय झायला, बाय, मी किती थांबू? त ती बोलली, न्हाय सांगला त मीच चुकली. पोरीला सगला शिकवला, आन ह्याच शिकवायचा रायला.’

तीन वर्षं, ताई. तिचा दावा त्या एका नावावाचून रखडला आणि ती तुमच्या शब्दाखातर गप्प राहिली. दुसरीकडे मी समजत होते की मी वाचले. मी तिला म्हटलं, मावशी, मला माफ कर. ती म्हणाली, ‘माफी-बिफी मंग बघू. आधी मी काय इचारला व्हता ता कोरटात सांग.’ आणि सुपातला कचरा पाखडायला ती उठून बाहेर गेली.

तेव्हापासून मला माझ्या सनदेची तितकी भीती वाटत नाही. बाबांना सांगितलं, ते दोन दिवस बोलले नाहीत, तेही सोसतं. सोसत नाही ते एवढंच, की तुम्ही त्या पडवीत बसून, माझ्यामुळे, स्वतःची चूक कबूल केलीत, आणि ती खोडून काढायला माझ्यापाशी तीन वर्षं होती. दवाखान्यातली ती पाच मिनिटंही होती. तुम्ही मला शिकवलं नाहीत असं काहीही राहिलं नव्हतं, ताई. मला येत होतं. मी केलं नाही. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

कोर्टाने अर्ज मंजूर केला आहे. तुमची जी तारीख होती तीच मला मिळाली आहे, सोमवारची. शपथपत्र मी दिलं आहे, मावशीचा प्रश्न तिने विचारला तसाच, तिच्याच शब्दांत लिहून. टायपिस्ट म्हणाला, मॅडम, भाषा शुद्ध करू का, आणि मी नको म्हटलं. भावाचे वकील कोण आहेत ते तुम्हाला माहीत आहे. ते मला सोडणार नाहीत. तीन वर्षं आठवलं नाही, आता कसं आठवलं, असं विचारतील. कदाचित आयत्या वेळी मी पुन्हा पळवाट शोधेन. माझा मला अजून भरवसा नाही.

तुम्ही चुकलात की नाही, ते सोमवारी ठरेल.